सम्राट अशोक : पश्चात्तापाने उघडलेले डोळे

सम्राट अशोकाचे नाव घेतले की सारनाथचे सिंह आणि राष्ट्रध्वजावरील चोवीस आऱ्यांचे चक्र डोळ्यांपुढे येते. पण या राजाचे खरे मोठेपण राज्याच्या विस्तारात नाही. त्याने आपल्या मनाला जे वळण लावले, त्यात ते आहे. त्याने नव्व्याण्णव भाऊ मारल्यासारख्या दंतकथा आपण बाजूला ठेवू. त्याने स्वतः कोरून घेतलेले शिलालेख उपलब्ध असताना दंतकथांची गरज काय?

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. त्याचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा प्रदेश, जिंकला. दीड लाख माणसे धरून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक इतर कारणांनी मेली. हा हिशेब शत्रूने मांडलेला नाही. विजेत्यानेच तेराव्या शिलालेखात तो नोंदवला आहे.

विजयाच्या हव्यासाने भरलेल्या मनाला कलिंग हा केवळ जिंकायचा मुलूख दिसत होता. पश्चात्ताप होताच त्याच मुलखात त्याला माणसे दिसू लागली: आईवडिलांची सेवा करणारी, मित्रांशी आणि नातलगांशी नीट वागणारी, दासांना व नोकरांना माणुसकीने वागवणारी. एवढेच नव्हे, तर ज्यांना स्वतःला जखम झाली नाही, त्यांच्या आप्तांवर संकट आले म्हणजे तोही त्यांच्यावरच घाव असतो, हे त्याने ओळखले. मुलूख तोच होता, पाहणारे मन बदलले होते. करुणा म्हणतात ती हीच.

मात्र हा बदल एका रात्रीत झाला नाही. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही, हेही त्याने प्रांजळपणे कोरून ठेवले. पुढे संघाच्या सहवासाने तो उद्योगाला लागला. त्याने कलिंग परत केले नाही आणि मृत्युदंडही रद्द केला नाही. पण शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. तो चुकांपासून मुक्त असा देव नव्हता. स्वतःला घडवणारा माणूस होता, म्हणूनच तो आपल्या उपयोगाचा आहे.

कलिंगातील धौली व जौगड येथे त्याने तेरावा लेख कोरवला नाही. दुखावलेल्या लोकांपुढे त्यांच्याच संहाराचे आकडे कशाला मांडायचे? तेथे त्याने अधिकाऱ्यांसाठी वेगळे लेख कोरवले. सर्व प्रजा आपली लेकरे आहेत, असे त्यांत सांगितले. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरता, उतावळेपणा, आळस आणि थकवा यांच्या आहारी गेलेल्या अधिकाऱ्याच्या हातून न्याय होत नाही, असे बजावले. तिसऱ्या स्तंभलेखात तर त्याने मनाचे मर्मच सांगितले: माणसाला स्वतःचे पुण्य तेवढे दिसते, पाप दिसत नाही, आणि क्रोध, अहंकार व मत्सर त्याला खाली ओढतात.

मन बदलले तसे माणसांशी असलेले नातेही बदलले. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी फिरत. अशोकाने अभिषेकाच्या दहाव्या वर्षी बुद्धगयेची यात्रा केली आणि पुढे धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत तो वृद्धांना भेटे, खेड्यातल्या लोकांशी बोले. हे सांगणाऱ्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या महाराष्ट्रातच, सोपारा येथे सापडला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. त्या दिवसाशी अशोकाचे नाव जोडलेले आहे, ते कलिंग जिंकणाऱ्याचे म्हणून नव्हे. स्वतःचा क्रोध जिंकणाऱ्याचे म्हणून.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात राज्य नाही, पण राग आहे. भावाभावांत मत्सर आहे, सासू-सुनेत अढी आहे. राग मनात असतो तेव्हा समोरच्याचा एकच दोष दिसतो, त्याचे कष्ट दिसत नाहीत. पंचशील रोज म्हणावे. पण म्हणून झाल्यावर, ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्याकडे एकदा शांत मनाने पाहावे. कालपर्यंत न दिसलेला माणूस कदाचित तेथे दिसेल.