तुकोबांचीं कर्जखतें

अवर्षण सोलापुरास नवें नाहीं. म्हणून नवी पेठेंतील व्यापारी बंधूंनीं तुकोबांचें चरित्र एकवार वहीखात्याच्या बाजूनें पहावें. देहूच्या या वाण्याच्या घरीं महाजनकी होती. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत दिवाळें निघालें; पहिली पत्नी व पुत्र गेले. पुढें विठ्ठलावर भार टाकून त्यांनीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं, असें परंपरा सांगते. मात्र बंधु कान्होबांच्या वाट्याचीं निम्मीं खतें आधीं वेगळीं काढून दिलीं. आपलें वैराग्य दुसऱ्याच्या हक्कावर लादलें नाहीं. वकिली दृष्टीनें तीं खतें वसुलीस योग्यच होतीं! पण नागवल्या कुळांपाशीं उरलें होतें काय? संसार मात्र तुकोबांनीं टाकिला नाहीं. १६५० मधील निर्याणापर्यंत ते देहूसच, मुलांमाणसांत राहिले.