होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँ ब्लाँ पर्वत, आल्प्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि, वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांचे मुख्य कार्य मूलकणांच्या सिद्धांतात होते.

बालपण व शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते आणि आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. अभियांत्रिकी शिकून त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरची अपेक्षा होती. त्यांचा ओढा भौतिकीकडे होता. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळाल्यास पुढे गणित शिकू देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये अभियांत्रिकीची व १९३२ मध्ये गणिताची परीक्षा त्यांनी प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. केंब्रिजमध्ये त्या वेळी पॉल डिरॅक शिकवीत होते. त्यांच्या सिद्धांताचा भाभांवर खोल प्रभाव पडला.

केंब्रिजमधील संशोधन

डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचे भाकीत केले होते आणि १९३२ मध्ये तो कण, म्हणजे पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यास ते कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी मांडले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे दोन कण केवळ परस्परांना आकर्षित करून वळत नाहीत, तर नष्ट होऊन पुन्हा निर्माणही होऊ शकतात आणि या दुसऱ्या शक्यतेचा परिणाम मोजमापात दिसतो, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय. ही प्रक्रिया आज ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाते.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. एका अतिवेगवान इलेक्ट्रॉनपासून वातावरणात असंख्य कण कसे निपजतात, हे त्यातून स्पष्ट झाले. जमिनीत खोलवर पोहोचणारे विश्वकिरण मात्र या सिद्धांतात बसत नव्हते. ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड अशा नव्या कणांचे असावेत, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट झाला. या मधल्या वस्तुमानाच्या कणांना ‘मेसोट्रॉन’ म्हटले जाई. मूळ ग्रीक शब्दात ‘ट्र’ नाही, म्हणून ‘मेसॉन’ म्हणावे, असे भाभांनी १९३९ मध्ये सुचविले आणि तेच नाव रूढ झाले.

मेसॉनचा प्रश्न

भाभांच्या सैद्धांतिक कार्यातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येथून सुरू होतो. अणुकेंद्रातील बल वाहून नेणाऱ्या मेसॉनचे परिवलन एक असावे, असे मानून भाभा, केमर, हाइटलर प्रभृतींनी १९३८ मध्ये समीकरणे मांडली. परिवलन एक असलेल्या, पण वस्तुमानरहित प्रकाशकणाचा सिद्धांत सुरळीत चालतो. कणाला वस्तुमान दिले की मात्र अडचण उभी राहते: ऊर्जा वाढत जाते तशी प्रकीर्णनाची शक्यता अवास्तव वाढत जाते. प्रयोगांत तसे काही आढळत नव्हते.

यावर भाभांनी १९४० मध्ये नवे कण सुचविले. प्रोटॉनच्या दुप्पट विद्युत्‌भाराच्या आणि ऋण एक भाराच्या जड अवस्था अस्तित्वात असल्यास त्यांचा परिणाम मूळ परिणामाला छेद देतो आणि ही वाढ आटोक्यात येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुप्पट भाराच्या अशा अल्पायुषी अवस्थेची चिन्हे १९५२ मध्ये शिकागो येथे फर्मी यांच्या प्रयोगांत दिसली.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले असता महायुद्ध सुरू झाले आणि ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तेथे तरुण हरीश-चंद्र त्यांचे सहकारी होते. सापेक्षतेच्या सममितीशी सुसंगत अशी कणांची समीकरणे किती प्रकारची असू शकतात, याचा शोध भाभांनी घेतला व १९४५ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. त्यांच्या समीकरणांत एकाच कणाला अनेक वस्तुमाने संभवतात. प्रचलित सिद्धांतात या समीकरणांना स्थान मिळाले नाही. सममितीला आरंभबिंदू मानण्याची पद्धत मात्र पुढे सर्वमान्य झाली.

संस्था उभारणी

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली व त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. कुलाब्यातील वास्तू १९६२ मध्ये खुली झाली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. या व्यापात त्यांचे स्वतःचे संशोधन १९५०च्या दशकात जवळजवळ थांबले. चित्रकला व पाश्चात्त्य संगीत यांची आवड त्यांनी अखेरपर्यंत जपली.

त्यांना अडविणाऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे मिळाले. १९६४ मध्ये ब्राउट, आंग्लेर, हिग्ज आणि इतरांनी असे दाखविले की, सममिती समीकरणांत कायम राहून निर्वात स्थितीत लपली, तर परिवलन एक असलेल्या कणांना सिद्धांत न बिघडता वस्तुमान मिळू शकते. या मांडणीत हिग्ज बोसॉन हा जादा कण ऊर्जेबरोबर होणारी अवास्तव वाढ थोपवितो. १९४० च्या युक्तिवादाशी याचे साम्य लक्षणीय आहे, जरी दोहोंतील बले भिन्न आहेत. अतिसममितीसारख्या विस्तारित सिद्धांतांत एक हिग्ज पुरत नाही. सर्वांत साध्या रूपातही पाच लागतात व त्यांपैकी दोन विद्युत्‌भारित असतात.

मृत्यू व त्यानंतर

व्हिएन्नाला जात असता २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँवर कोसळून भाभांचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

कोलारच्या सोन्याच्या खाणींत विश्वकिरणांचे प्रयोग त्यांच्या प्रेरणेने सुरू झाले होते. तेथे १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. १९८०च्या दशकात त्याच खाणीत प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेण्यात आला. गुरुत्वाकर्षण वगळता इतर बले एका मोठ्या सममितीत गोवणाऱ्या सिद्धांतांचे ते भाकीत आहे. तेथे काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, पण अन्यत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉन त्वरकात १९८९ ते २००० या काळात हिग्जचा शोध चालला, तेव्हा किती टकरी झाल्या हे भाभा प्रकीर्णनाच्या घटना मोजून ठरविले जाई. तेथे हिग्ज सापडला नाही. त्याचे वस्तुमान ११४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक असले पाहिजे, एवढे निश्चित झाले. २०१२ मध्ये पुढच्या त्वरकात तो सुमारे १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला आढळला. त्यातील सीएमएस शोधकाच्या काही भागाच्या बांधणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता. जादा हिग्ज बोसॉनांचा शोध चालू आहे.