डॉ. रॉबर्ट अँगस स्मिथ : हवेचा हिशेब मांडणारा रसायनशास्त्रज्ञ

जो शत्रु डोळ्यांना दिसतो त्याच्याशीं झुंजावयास पुष्कळ लोक पुढें येतात. परंतु जो दिसत नाहीं त्याची आधीं मोजदाद करावी लागते. दगडी कोळसा जळतांना हवेंत मिसळणारा गंधकाचा वायु, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, हा असाच एक अदृश्य शत्रु होय. त्याची मोजदाद करण्यांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेंचला, त्या डॉ. रॉबर्ट अँगस स्मिथ ह्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस बोधप्रद होईल असें वाटतें.

स्मिथसाहेबांचा जन्म १८१७ सालीं फेब्रुवारीच्या १५ व्या तारखेस, स्कॉटलंडांत ग्लासगो शहराजवळील पोलॉकशॉज ह्या गांवीं झाला. त्यांनीं धर्मोपदेशक व्हावें अशी घरच्यांची इच्छा होती, व त्या हेतूनें ते बालवयांतच ग्लासगोच्या विश्वविद्यालयांत दाखल झाले. पुढें तेथून बाहेर पडून त्यांनीं कांहीं वर्षें खाजगी शिक्षकाचें काम केलें. अशाच एका कुटुंबाबरोबर ते जर्मनींत गेले असतां, गीसेन येथील विख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांचें शिष्यत्व त्यांस लाभलें, आणि १८४१ सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी संपादन केली. स्वदेशीं परतल्यावर ते मँचेस्टर येथें लायन प्लेफेअर ह्या शास्त्रज्ञांचे साहाय्यक झाले. शहरांतील लोकांच्या आरोग्याची चौकशी करण्याकरितां त्या सुमारास एक सरकारी मंडळ नेमलें गेलें होतें व प्लेफेअर हे त्याचे एक सभासद होते. ह्या कामामुळें स्मिथसाहेबांचें लक्ष शहरांतील हवेकडे व पाण्याकडे लागलें, तें जन्मभर सुटलें नाहीं.

मँचेस्टर म्हणजे त्या काळचें कापडाच्या गिरण्यांचें माहेरघर. गिरणीगिरणींतून व घरोघरच्या शेगड्यांतून कोळसा जळे. धूर सर्वांस दिसे, काजळी सर्वांच्या कपड्यांवर बसे. आणि धूर आहे तेथें भरभराट आहे असें मानून लोक तो निमूटपणें सोशीत. स्मिथसाहेबांनीं मात्र पावसाचें पाणी भांड्यांत धरून त्याचें पृथक्करण आरंभिलें. १८५२ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहराबाहेर दूर शेतांत पडणाऱ्या पावसांत आम्लाचा अंश मोकळा आढळत नसे. वस्तीच्या सीमेवर तो अमोनियाशीं संयोग पावलेला आढळे. आणि भर शहरांत मात्र गंधकाचें आम्ल मोकळेंच पाण्याबरोबर खालीं येई. रंगीत कापड विटतें कां, लोखंड लवकर गंजतें कां, ह्या प्रश्नांचें उत्तर त्या पाण्यांत होतें.

वरून काय पडतें हें कळलें; पण खालून वर किती जातें? येथें त्यांनीं जी रीति योजिली ती साध्या त्रैराशिकासारखी आहे. प्रथम कोळशांत गंधक किती असतें तें पृथक्करणानें ठरवावयाचें. मग गांवांत किती कोळसा जळतो त्याचा अदमास घ्यावयाचा. आणि दोहोंचा गुणाकार करावयाचा. समजा, कोळशांत शेंकडा एक भाग गंधक आहे. तर शंभर मण कोळशांत एक मण गंधक झालें. जळतांना तें हवेंतील आपल्या वजनाइतकाच प्राणवायु घेतें. म्हणून एक मण गंधकापासून दोन मण वायु उत्पन्न होतो. थोडें गंधक राखेंत उरतें, तेवढें वजा करावें. कोणाच्याहि धुराड्यावर न चढतां सबंध शहराचा हिशेब असा घरबसल्या मांडतां येतो. शेंकडा एक हा आंकडा दिसावयास लहान. परंतु लाखों मणांनीं गुणिला असतां तो भयंकर होतो.

१८६३ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें अल्कलीच्या कारखान्यांविषयीं कायदा केला. मिठापासून धुण्याचा सोडा तयार करतांना ह्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक अॅसिडाची वाफ सुटे, व तिनें आसपासचीं झाडें व पिकें करपून जात. ह्या वाफेपैकीं शेंकडा ९५ भाग पाण्यांत जिरवून अडविलाच पाहिजे, असा नियम झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीकरितां मुख्य निरीक्षक म्हणून स्मिथसाहेबांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखालीं फक्त चार साहाय्यक होते. कारखानदारांस कोर्टांत खेंचण्यापेक्षां त्यांना वाफ कशी जिरवावी हें शिकविणें त्यांस अधिक पसंत होतें. कित्येकांनीं ह्या सौम्यपणाबद्दल त्यांस दोष दिला, व तो सर्वस्वीं निराधार होता असें म्हणतां येत नाहीं; तथापि बहुतेक कारखाने लवकरच नियमाच्या आंत आले, हेंहि तितकेंच खरें.

परंतु त्यांच्यापुढें एक मोठी अडचण होती. कायद्यानें त्यांच्या हातीं अल्कलीचे कारखाने दिले. कोळशाचा धूर दिला नाहीं. शहरावर पडणाऱ्या आम्लाचें मुख्य मूळ कोळशांतील गंधक आहे हें त्यांचेच आंकडे सांगत होते. आणि तो कोळसा तर प्रत्येक गिरणींत व प्रत्येक चुलींत जळत होता. जें थांबविण्याचा अधिकार नाहीं तें मोजावें तरी कशाला, असें म्हणून दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. स्मिथसाहेब मोजीतच राहिले. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व जर्मनी येथील पावसाचीं पृथक्करणें एकत्र करून १८७२ सालीं त्यांनीं ‘एअर अँड रेन’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज सर्वतोमुखीं असलेला आम्लपर्जन्य हा शब्दप्रयोग त्यांच्याच लेखणींतून रूढ झाला. १८८१ च्या कायद्यानें गंधकाम्लाचे कारखानेहि निरीक्षकांच्या कक्षेंत आले. धूर मात्र बाहेरच राहिला. १८८४ सालीं मे महिन्याच्या १२ व्या तारखेस वेल्समधील कॉल्विन बे येथें हा अविवाहित, शांत स्वभावाचा विद्वान् परलोकवासी झाला.

त्यांच्या हिशेबाकडे कानाडोळा केल्याचें फळ पुढील पिढ्यांस भोगावें लागलें. १९५२ सालच्या डिसेंबरांत लंडनवर पांच दिवस धुक्याचें व कोळशाच्या धुराचें दाट आवरण पसरलें, आणि हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर, १९५६ सालीं, घरगुती धुरासहि आळा घालणारा कायदा झाला. १९८५ सालीं हेलसिंकी येथें युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं गंधकाचें उत्सर्जन निदान शेंकडा ३० नें कमी करण्याचा करार केला. असा करार पाळला गेला कीं नाहीं हें ठरवावयाचें म्हणजे पुनः तोच हिशेब आला : कोळसा व तेल किती जळलें, त्यांत गंधक किती होतें, तांबें व जस्त ह्यांच्या खनिजांच्या भट्ट्यांतून किती सुटलें, आणि किती अडविलें गेलें.

विद्यार्थिमित्रांनो, धर्मोपदेशक होण्यास निघालेले स्मिथसाहेब व्यासपीठावर उभे राहिले नाहींत; तरी शेजाऱ्याच्या श्वासांत आपण काय मिसळतों ह्याचा जाब प्रत्येकानें दिला पाहिजे, हा उपदेश त्यांनीं तराजू व कांचेच्या नळ्या ह्यांच्या साहाय्यानें केला. वर्गांत त्रैराशिकाचीं उदाहरणें सोडवितांना कंटाळा येईल, तेव्हां त्यांची आठवण ठेवा. प्रामाणिकपणें मांडलेला हिशेब त्या दिवशीं कोणी ऐकला नाहीं, म्हणून तो व्यर्थ जात नाहीं.