ढील देणारा अर्थमंत्री

२६ फेब्रुवारी १९३६ची पहाट. तोक्यो शहर बर्फाखाली होतं. अकासाका भागातल्या एका घरात बंडखोर सैनिक घुसले आणि अंथरुणातल्या ८१ वर्षांच्या वृद्धाला त्यांनी ठार मारलं. ते होते जपानचे अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो. लष्कराच्या वाढत्या खर्चाला त्यांनी अडसर घातला होता.

त्यांचं आयुष्य एखाद्या कादंबरीसारखं आहे. १८५४चा जन्म. एका चित्रकाराचा हा अनौरस मुलगा एका साध्या शिपायाच्या घरी दत्तक गेला. तेराव्या वर्षी शिकायला म्हणून अमेरिकेत पोचला आणि न समजलेल्या कागदावर सही करून चक्क वेठबिगार झाला. परत आल्यावर मास्तरकी केली, पेटंट कार्यालय उभारलं, पेरूतल्या चांदीच्या खाणीत पैसे घालवले. पुढे बँक ऑफ जपानमध्ये शिरले, तिचे गव्हर्नर झाले आणि १९२१ साली पंतप्रधानही.

१९२९मध्ये जगावर मंदीची कुऱ्हाड कोसळली. नेमक्या त्याच वेळी, जानेवारी १९३०मध्ये, जपानने आपला येन जुन्या चढ्या दराने सोन्याला बांधला. रेशमाचे भाव गडगडले, खेडीपाडी भुकेला लागली. डिसेंबर १९३१मध्ये ७७ वर्षांच्या ताकाहाशींना पुन्हा अर्थखात्यात बोलावलं गेलं. आल्या आल्या त्यांनी येनची सोन्याशी असलेली गाठ सोडली. सरकारने कर्जरोखे काढले, ते थेट बँक ऑफ जपानने घेतले आणि तो पैसा कामांवर खर्च झाला. वर्षभरात येनचा भाव निम्म्याहून खाली आला, निर्यात वाढली आणि इतर देश चाचपडत असताना जपान सावरला.

या स्वस्त येनची झळ मुंबईच्या गिरण्यांनाही लागली. जपानी कापडाचा लोंढा थोपवण्यासाठी १९३३ साली इथल्या सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. एकाचं औषध दुसऱ्याला असं बाधतं.

पण खरी कसोटी पुढेच होती. कारखाने पुन्हा धडधडू लागल्यावर ताकाहाशींनी ओळखलं, की आता आणखी उसना पैसा ओतला तर महागाई भडकेल. पतंगाला ढील द्यायची वेळ संपली होती, मांजा ओढायची आली होती. मात्र तोवर अंदाजपत्रकाचा जवळजवळ निम्मा वाटा लष्कराकडे जात होता आणि त्याला हात आखडायचा नव्हता. मध्यवर्ती बँकेकडून थेट कर्ज काढण्याची वाट ताकाहाशींनीच पाडून दिली होती. त्यांच्यामागे त्याच वाटेने लष्कराचा खर्च बेफाम वाढला. १९३७मध्ये चीनशी युद्ध पेटलं आणि महायुद्ध संपल्यावर येनची माती झाली.

बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. कर्ज मंजूर करणारा साहेब सर्वांना देवासारखा वाटतो; हप्ता मागू लागला, की तोच वैरी ठरतो. मंदीत तिजोरी उघडायला धाडस लागतंच, पण ती वेळेवर मिटायला त्याहून मोठी छाती लागते.

ताकाहाशींचं ते घर आज तोक्योजवळ कोगानेईच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. जिना चढून गेलं, की त्यांची ती खोली पाहता येते.