रयतेच्या मुठीतून उभी राहिलेली संस्था : कर्मवीर भाऊराव पाटील

सरकार आणि कुटुंब यांच्या मधल्या जागेत समाज स्वतःच्या गरजेसाठी जे उभारतो, त्याला आज आपण स्वयंसेवी संस्था म्हणतो. हा शब्द रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हे काम करणारी माणसे होऊन गेली. त्यांपैकी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेत मुद्दाम देत आहोत. ही संस्था कोणाची आणि तिच्या भाकरीचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न प्रत्येक निवासी शाळेपुढे उभा असतो. भाऊरावांनी त्याचे उत्तर सारे आयुष्य खर्चून दिले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली, ती त्यांनी मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांचा सहवास लाभला, सत्यशोधक विचारांचा संस्कार झाला. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ज्या माणसाला जातीच्या सोवळ्यापायी वसतिगृहाबाहेर पडावे लागले, त्यानेच पुढे सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले.

उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना रयतेचे खरे दर्शन घडले. पोरगा हुशार असला, तरी शाळा दूर आणि गाठीला पैसा नाही, हे घरोघरचे रडगाणे होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. जिच्यासाठी ही संस्था होती, त्या रयतेचेच नाव तिला मिळाले.

प्रारंभी भाऊरावांना एका धनिकाचा आधार मिळेल असे वाटले होते. एका कारखान्याच्या उभारणीत त्यांनी जिवापाड कष्ट केले. त्या मोबदल्यात शिक्षणकार्यास देणगी मिळेल, असा शब्द होता. तो शब्द फिरला, तेव्हा भाऊरावांनी ते काम सोडले. एका माणसाच्या मर्जीवर शेकडो मुलांचे भवितव्य टांगता येत नाही, हा धडा त्यांनी या प्रसंगातून घेतला असावा, असे त्यांची पुढची वाटचाल पाहता आम्हाला वाटते.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये त्या सभेचे वसतिगृह सोलापुरास उघडले. दोघांची क्षेत्रे निराळी, पण खेड्यातल्या मुलाला शिक्षण मिळायचे तर आधी त्याला राहायला जागा व दोन वेळचे अन्न मिळाले पाहिजे, हे दोघांनीही ओळखले होते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते साताऱ्याच्या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

त्या काळी गावात पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, शाळेतही अस्पृश्य मुलाला बाहेर बसावे लागे. या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्वांची मुले एका ओळीत जेवत. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक, झाडलोट ही कामे पाळीपाळीने सर्वांना करावी लागत. जातिभेदाविरुद्ध व्याख्याने देण्यापेक्षा एका तव्यावरची भाकरी वाटून खाल्ली, तर संस्कार खोल रुजतो, अशी भाऊरावांची धारणा होती.

या पंगतीची खरी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. भाऊरावांच्या या सहधर्मचारिणी सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या. तरीही त्यांनी सर्व जातींच्या लेकरांना पोटाशी धरले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना विकला आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थांच्या इतिहासात संस्थापकांची नावे ठळक असतात. चुलीपाशी झिजलेल्या अशा माउल्यांचे ऋण क्वचितच नोंदले जाते. ते येथे नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दागिने एकदाच विकता येतात. मुलांना भूक मात्र रोज लागते. म्हणून भाऊराव समाजाकडे वळले. सुगीच्या दिवसांत खळ्याखळ्यावर जाऊन त्यांनी धान्य मागितले. घरोघरी मूठ मूठ धान्य बाजूला काढण्याची रीत पाडली. ज्याने मूठ दिली, त्याला संस्था आपली वाटू लागली. तिथे काय चालते हे विचारण्याचा अधिकारही त्याला आला. मुलांच्या बाबतीतही हेच सूत्र होते. फुकटच्या अन्नाने माणूस मिंधा होतो, म्हणून कमवा आणि शिका ही योजना आली. मुले शेतात राबत, श्रमाचे काम करत आणि ताठ मानेने शिकत.

१९३५ मध्ये खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय साताऱ्यात निघाले. शाळा नसलेल्या गावांत शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या गेल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर लवकरच कसोटीचा प्रसंग आला. भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्याने सत्ताधारी दुखावले आणि संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. शिक्षकांचे पगार अडले. तरी शाळांना कुलूप लागले नाही. भाऊराव पुन्हा लोकांच्या दारी गेले आणि लोकांनी हात आखडता घेतला नाही. अखेर संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली व अनुदान पूर्ववत झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

या प्रसंगाचा अर्थ आम्ही असा लावतो. शिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि अनुदान हा समाजाचा हक्क आहे. स्वयंसेवी संस्था आहे म्हणून शासनाने अंग काढून घेणे योग्य नव्हे. परंतु जी संस्था केवळ अनुदानावर जगते, तिला सत्य बोलताना धन्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. भाऊरावांच्या पाठीशी लोकांची मूठ होती, म्हणून त्यांची मान ताठ राहिली.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या आज सातशेहून अधिक आहे. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे. वडाची पारंबी जमिनीत रुजली की तीच पुढे खोड होऊन झाडाला आधार देते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. येथून शिकून गेलेला प्रत्येक जण ही अशी एक पारंबी आहे. वर्षातून एकदा शाळेत यावे, स्वयंपाकघरात डोकवावे, हिशेबाची वही मागून पाहावी, जमेल तेवढी मूठ टाकावी आणि चुकले तेथे निःसंकोच बोलावे. ज्या गावातून आपण आलो, तेथल्या एखाद्या हुशार पण गरीब मुलाचे किंवा मुलीचे बोट धरून त्याला या पंगतीत आणून बसवावे. कर्मवीरांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग आम्हाला दिसत नाही.