ल्हासा गाठणारी ही बाई दुसऱ्या महायुद्धात एका डोंगराळ गावात अडकून पडली होती

1924 साल. तिबेटच्या ल्हासा शहरात परदेशी माणसाला पाय ठेवायला बंदी होती. तरीही भिकारणीच्या वेशात एक फ्रेंच बाई तिथे पोहोचली. केसांना काळी शाई फासलेली, सोबत यात्रेकरू बनलेला तिचा मानसपुत्र योंगदेन आणि वय 55. ल्हासा गाठणारी ती पहिली युरोपियन स्त्री मानली जाते. तिचं नाव अलेक्झांड्रा डेव्हिड-नील.

हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

अलेक्झांड्राचा जन्म 1868 चा, पॅरिसजवळचा. तरुणपणी ती ऑपेरात गायची. 1904 मध्ये तिने ट्युनिसमध्ये रेल्वे इंजिनिअर फिलिप नीलशी लग्न केलं, पण संसारात तिचा जीव रमेना. 1911 मध्ये ती भारताकडे निघाली. 18 महिन्यांत परत येते असं नवऱ्याला सांगून गेलेली बाई युरोपात परतली ती थेट 14 वर्षांनी. पुढेही दोघं एकत्र राहिले नाहीत, पण पत्रं कधी थांबली नाहीत. या भटकंतीत पैशांची मदतही फिलिपच करायचा.

1937 मध्ये ती योंगदेनला घेऊन पुन्हा चीनला गेली आणि त्याच वर्षी जपानने चीनवर हल्ला केला. युद्धापासून लांब पळत पळत दोघं 1938 साली पोहोचले ताचिएनलूला. तिबेटी लोक त्याला दार्त्सेदो म्हणतात, आजचं नाव कांगडिंग.

हे गाव होतं तरी कसं?

सुमारे 2,500 मीटर उंचीवर, दरीत वसलेलं. खालच्या याआनकडून हमाल पाठीवर चहाच्या विटा लादून डोंगर चढायचे. इथे तो चहा याकच्या कातड्यात शिवला जायचा आणि याकच्या तांड्यांवर तिबेटकडे रवाना व्हायचा. हान व्यापाऱ्याला तिबेटी यायची नाही, तिबेट्याला चिनी. मग तिबेटी सरायांचे मालक दोघांचे दुभाषे आणि दलाल व्हायचे. 1939 मध्ये शिकांग प्रांत झाला आणि हे गाव त्याची राजधानी बनलं.

सत्तरी गाठलेल्या अलेक्झांड्राला इथून निघायला वाटच नव्हती. पुढे युरोपातही युद्ध पेटलं. फ्रान्समधून पैसे आणि पत्रं येणं अवघड झालं. तरी तिचं लिखाण आणि तिबेटी अभ्यास चालूच होता.

आणि 1941 मध्ये बातमी आली, फिलिप गेला. संसार नको म्हणून जिच्यापासून दूर गेली ती बाई या बातमीने कोलमडली. आयुष्यभर जे पाहिलं ते ज्याला लिहून कळवलं, तो वाचणाराच उरला नव्हता.

1944 मध्ये ती तिथून निघू शकली आणि भारतमार्गे 1946 ला फ्रान्सला परतली. चीन-तिबेट सीमेवरच्या या मुलखावर तिने पुस्तकही लिहिलं.

1955 मध्ये योंगदेनही गेला. ती मात्र लिहीत राहिली. शंभरी गाठल्यावर तिने पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं! 8 सप्टेंबर 1969 रोजी ती वारली, तेव्हा 101 वर्षांची व्हायला जेमतेम दीड महिना बाकी होता.

1973 मध्ये तिच्या आणि योंगदेनच्या अस्थी वाराणसीला आणून गंगेत सोडण्यात आल्या.