आग्रिपिना वागानोव्हा

आग्रिपिना याकोव्लेव्हना वागानोव्हा (२६ जून १८७९, सेंट पीटर्सबर्ग – ५ नोव्हेंबर १९५१, लेनिनग्राड) या रशियन बॅले नर्तकी व नृत्यशिक्षिका होत्या. १८९७ मध्ये त्यांनी शाही बॅले विद्यालयातील शिक्षण पूर्ण केले. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांना त्यांचे नृत्य फारसे रुचत नसे. प्रमुख नर्तकीचे पद मिळाले तेही १९१५ मध्ये, निवृत्तीच्या जेमतेम वर्षभर आधी. उपजत सौष्ठव बेताचे असल्याने प्रत्येक हालचाल शरीरात नेमकी कोठून उगम पावते, हे त्यांना स्वतःच शोधावे लागले. शिक्षिका म्हणून हीच त्यांची खरी पुंजी ठरली.

१९२१ पासून त्या त्याच विद्यालयात शिकवू लागल्या. बॅले ही दरबारी कला म्हणून मोडीत काढावी, असे म्हणणाऱ्यांचा तो काळ होता. मरीना सेम्योनोव्हा, गालिना उलानोव्हा या शिष्यांनी त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिले.

पाय ताणण्याचा पाठ दांड्यापाशी सुरू होतो. पाऊल जमिनीवरून सरकत पुढे जाते. आधी टाच, मग चवडा उचलला जातो आणि बोटांची टोके तेवढी टेकलेली राहतात. दोन्ही गुडघे ताठ, मांडी खुब्यापासून बाहेर वळलेली. नुसती बोटे मुडपल्यास पायाची रेषा तुटते. पाठ सैल असेल तर पायही डळमळतो, यावर वागानोव्हा यांचा विशेष भर होता. जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलांकडूनही दांड्यापाशी असा सराव करून घेतला जातो.

शास्त्रीय नृत्याच्या मूलतत्त्वांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.